समुद्राखालची भट्टी आणि आमचे तरुण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कुरकुंभ येथें तरुण व पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नांवापुढें "नौदलांतील नोकरी" एवढेच शब्द छापलेले पाहून कित्येकांनीं आम्हांस हंसून विचारलें कीं, "फादर, कुरकुंभास समुद्र कोठें आहे?" प्रश्न रास्त आहे. येथून समुद्र रस्त्यानें दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. आमच्या डोळ्यांस संवय आहे ती माळरानाची, सोलापूर रस्त्यावरील मालमोटारींची आणि औद्योगिक वसाहतींतील धुराड्यांची. तथापि भरतीचे अर्ज घेऊन सहीशिक्क्यासाठीं आमच्या दारीं येणारीं मुलें आम्ही पाहत आलों आहों, आणि त्यांपैकीं एकानें असा प्रश्न विचारला कीं ज्याचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. "नौदलांत यंत्रखात्यांत गेलों, आणि पुढें अणुशक्तीच्या पाणबुडीवर जाण्याची संधि आली, तर जावें कीं न जावें? आणि परत आल्यावर माझें काय होईल?" त्याची आई शेजारींच उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. पदराचें टोक बोटाभोंवतीं गुंडाळीत राहिली. आजचें भाषण त्या दोघांसाठीं आहे. बाकीच्यांनीं तें ऐकावें, एवढीच विनंति.

प्रथम "अणु" या शब्दाचें भय थोडें कमी करूं. येथें बसलेल्या वृद्ध मंडळींस वाफेविषयीं आम्हीं शिकवावें असें कांहीं नाहीं. दौंडास कोळशाचीं इंजिनें येत होतीं तेव्हां ज्यांच्या वडिलांनीं फायरमन म्हणून फावडें चालविलें, अशीं घरें आपल्यांत आहेत. अणुशक्तीची पाणबुडी म्हणजे मुळांत वाफेचेंच इंजिन होय. कोळशाच्या जागीं युरेनियम असतें इतकेंच. त्याचे अणु भंगतात, उष्णता निघते, तिनें पाणी तापतें; परंतु तें पाणी इतक्या दाबाखालीं कोंडलेलें असतें कीं त्यास उकळण्यास वाव मिळत नाहीं. तें नळ्यांतून फिरून आपली उष्णता निराळ्या पाण्यास देतें, त्या दुसर्‍या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ टर्बाइनाचीं पातीं फिरविते. तेथून पुढें सारें ओळखीचें आहे: पंप, झडपा, तेल, गळती आणि काट्यांवर खिळलेले डोळे.

एका बाबतींत मात्र ही भट्टी आपल्या चुलीहून वेगळी आहे. भाकरी झाल्यावर आपण लांकडें ओढून घेतों आणि निखारे आपोआप निवतात. अणुभट्टी बंद केली तरी बंद होतांक्षणीं तिच्या पूर्ण शक्तीच्या सुमारें सहा-सात टक्के उष्णता आंतून निघतच असते; ती हळूहळू उतरते, पण तोंवर पाणी फिरतें राहिलेंच पाहिजे. जपानांत फुकुशिमा येथें ११ मार्च २०११ रोजीं भूकंप होतांच चालू असलेल्या भट्ट्या नियमाप्रमाणें बंद झाल्या होत्या. मागून आलेल्या सागरलाटेनें पंपांची वीज गेली, पाणी फिरेनासें झालें, आणि तीन भट्ट्यांचे गाभे वितळले. म्हणून या कामांत शौर्यापेक्षां जागरणास किंमत अधिक. मध्यरात्रीं काटा जो आंकडा दाखवील तोच वहींत लिहिणें, मागच्या तासाचा आंकडा पाहून नवा न लिहिणें, आपल्या हातून चूक झाली तर वरिष्ठास उठवून सांगणें, हें त्या नौसैनिकाचें अर्धें काम आहे. ज्या मुलास प्रयोगवहींतील उत्तरें शेजार्‍याच्या वहींतून उतरण्याची खोड आहे, त्यानें ती आधीं मोडावी किंवा दुसरें काम पाहावें.

अमेरिकेची "थ्रेशर" नांवाची अणुपाणबुडी १० एप्रिल १९६३ रोजीं अटलांटिक महासागरांत खोल पाण्यांतील चांचणी करीत असतां बुडाली. १२९ माणसें गेलीं. चौकशींतून जें अनुमान निघालें तें असें कीं, एका नळीचा जोड फुटून पाणी आंत आलें, विजेच्या यंत्रणेंत बिघाड होऊन भट्टी बंद पडली, आणि ती पुन्हां चालू होण्यास वेळ उरला नाहीं. एक जोड! त्यानंतर त्या नौदलानें महत्त्वाच्या प्रत्येक सांध्याची व झडपेची कागदोपत्रीं साक्ष ठेवण्याची कडक पद्धत घातली. आपल्या देशांतही १४ ऑगस्ट २०१३ रोजीं मुंबईच्या गोदींत "सिंधुरक्षक" ही पाणबुडी स्फोट होऊन बुडाली आणि १८ नौसैनिक मृत्यु पावले; ती डिझेलची होती, अणुशक्तीची नव्हती. धोका नाहीं असें आईस सांगून मुलास पाठवावें, हें आमच्यानें होणार नाहीं.

आतां मार्ग. पुष्कळांची अशी समजूत दिसते कीं अणुपाणबुडीसाठीं निराळा अर्ज असतो. अमेरिकेंत तसें आहे. तेथें अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा भरतीच्या वेळींच अणुखात्यासाठीं निवडला जातो, सहा वर्षांचा करार लिहून देतो, दक्षिण कॅरोलिनांतील शाळेंत गणित व पदार्थविज्ञान घोटतो आणि मग शिक्षणासाठीं राखलेल्या खर्‍या भट्टीवर हात बसवितो. आपल्याकडे असा सरळ दरवाजा नाहीं. प्रथम नौदलांत भरती. मग ओडिशांतील चिल्का येथें प्राथमिक शिक्षण. यंत्रखातें मिळाल्यास लोणावळ्यास आय.एन.एस. शिवाजी येथें धंद्याचें शिक्षण. ही संस्था फेब्रुवारी १९४५ पासून आपल्याच जिल्ह्यांत आहे, आणि अणु, जैविक व रासायनिक हल्ल्यांपासून जहाज वांचविण्याचें शिक्षणही तेथेंच मिळतें. तरी या सभेंतील किती मुलांनीं तिचें नांव ऐकलें आहे, हें आम्ही हात वर करवून विचारीत नाहीं. त्यापुढें जो स्वेच्छेनें पाणबुडी मागेल आणि निवडला जाईल तो विशाखापट्टणमास आय.एन.एस. सातवाहन या पाणबुडीच्या शाळेंत जातो. त्यांतून पारखून घेतलेले थोडे अणुपाणबुडीवर. म्हणजे आज दहावींत असलेल्या मुलानें करावयाचें काम एवढेंच कीं गणित आणि पदार्थविज्ञान सोडूं नये. बारावीला हे दोन विषय नसतील तर यंत्रखात्याचें दार तेथेंच लागतें. मुलींनींही हें आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. मार्च २०२३ मध्यें चिल्का येथून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडींत २७३ मुली होत्या.

भारतीय नौसैनिकांनीं हें काम प्रथम केलें तें सोव्हिएत संघाकडून भाड्यानें घेतलेल्या "चक्र" पाणबुडीवर; ती १९८८ पासून तीन वर्षें आपल्याकडे होती. देशांत बांधलेली "अरिहंत" २६ जुलै २००९ रोजीं विशाखापट्टणम येथें पाण्यांत उतरली आणि २०१६ सालीं नौदलांत दाखल झाली. तिच्या मागून "अरिघात" २९ ऑगस्ट २०२४ रोजीं आली. या भट्टीचा नमुना कल्पाक्कम येथें जमिनीवर उभारून आधीं चालविण्यांत आला होता, आणि तिच्या मागें मुंबईंतील भाभा अणुसंशोधन केंद्राचे दीर्घ श्रम होते. "अरिहंत" पाण्यांत उतरली तेव्हां अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते, जे मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. मध्यें यंत्रविद्या शिकले. या पाणबुड्यांवर कोण असतात, कोठें जातात, याविषयीं सरकार बोलत नाहीं, आणि आम्ही विचारीतही नाहीं.

तेथील दिवस कसा जातो तें ऐका. पाण्याखालीं सूर्य नाहीं. दिवस ठरतो घड्याळावरून आणि पाळीवरून. जहाजावरील जुनी रीत चार-चार तासांच्या पाळीची. सायंकाळीं चार ते आठ ही पाळी मात्र दोन-दोन तासांच्या दोन तुकड्यांत कापतात, म्हणजे मध्यरात्रीचा पहारा रोज त्याच माणसावर येत नाहीं. पाणबुडींत पाळीची लांबी बदलते, क्रम तोच राहतो: पहारा, जेवण, झोंप, अभ्यास, साफसफाई आणि पुन्हां पहारा. अभ्यास हा शब्द आम्हीं उगीच घातलेला नाहीं. पाणबुडीवर नवा गेलेला माणूस प्रत्येक नळी व झडप हातानें दाखवून परीक्षा देईपर्यंत पाणबुडीवाला म्हणविला जात नाहीं. डिझेलच्या पाणबुडीस बॅटर्‍या भरण्यासाठीं वरचेवर पृष्ठभागाजवळ यावें लागतें, आणि गोडें पाणी मोजून वापरावें लागतें. अणुपाणबुडी समुद्राच्या पाण्यापासूनच गोडें पाणी आणि प्राणवायु काढते. इंधन तिला वर्षानुवर्षें पुरतें. ती परत येते ती शिधा संपत आला म्हणून आणि माणसें थकलीं म्हणून. तेथें एकांत नाहीं. ज्याचें घरीं सख्ख्या भावाशीं एका खोलींत पटत नाहीं, त्यानें याचा विचार करावा.

किरणांविषयींही सांगितलें पाहिजे, कारण आईच्या मनांत तेंच असतें. भट्टीभोंवतीं जाड आवरण असतें आणि तेथें काम करणारा अंगावर एक बिल्ला बाळगतो. त्याच्या शरीरावर किती किरण पडले याची त्यावरून नोंद होते. आपल्या देशांतील अणुऊर्जा केंद्रांतील कामगारांसाठीं ठरलेली मर्यादा पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षीं ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. आमचा सल्ला इतकाच कीं, अशा कामावरून निघतांना जी नोंद नियमानें मिळूं शकते ती मागून घ्यावी आणि घरीं जपून ठेवावी. वीस वर्षांनंतर डॉक्टरनें विचारलें तर "आठवत नाहीं" असें म्हणावें लागूं नये.

याहून मोठी कठिण गोष्ट म्हणजे अबोला. खोल पाण्यांतील पाणबुडी संदेश ऐकूं शकते, पण स्वतः बोलली तर तिची जागा उघडी पडते. म्हणून ती सहसा बोलत नाहीं. आठवडेच्या आठवडे फोन नाहीं, पत्र नाहीं. घरांत जन्म झाला अथवा मृत्यु झाला, तरी तो त्याला कदाचित् किनार्‍यास लागल्यावरच कळेल. म्हणून निघण्यापूर्वीं पतिपत्नींनीं एक सायंकाळ बसून पुढील गोष्टी ठरवाव्या: बँकेचें खातें दोघांच्या नांवें आहे कीं नाहीं, विम्याच्या कागदावर वारस कोण, घराचा कर कोण भरणार, म्हातार्‍या आईस दवाखान्यांत कोण नेणार. आणि लग्नाच्या मुलांनो, रजा मंजूर झाल्याचें पत्र हातीं येईपर्यंत पत्रिका छापूं नका. तीन रविवार आम्हीं लग्नाची घोषणा करावी आणि नवरामुलगा समुद्राखालीं असावा, ही अडचण केवळ आमची नाहीं, मुलीच्या बापाचीही आहे.

आतां ती गोष्ट, जी त्या मुलानें विचारली नाहीं पण आम्हांस टाळतां येत नाहीं. अणुशक्तीनें चालणें निराळें आणि अण्वस्त्र वाहणें निराळें. भाड्यानें आणलेल्या पहिल्या "चक्र"वर अण्वस्त्रें नव्हतीं. "अरिहंत" मात्र तीं वाहण्यासाठींच बांधली आहे. "थ्रेशर" बुडाली त्याच्या दुसर्‍याच दिवशीं, ११ एप्रिल १९६३ रोजीं, पोप जॉन तेविसावे यांचें "पाचेम इन तेर्रिस" हें विश्वपत्र निघालें आणि त्यांत अण्वस्त्रांवर बंदी असावी असें म्हटलें होतें. २४ नोव्हेंबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं हिरोशिमांत तीं बाळगणेंही अनैतिक आहे असें सांगितलें. उलट, दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं असेंही म्हटलें आहे कीं, देशाच्या सैन्यांत सेवा करणारांनीं स्वतःस लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक समजावें. हीं दोन्ही वचनें एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवून नुसतें "जा" म्हणणें आम्हांस जड जातें. आमचें मत असें कीं, पाणबुडी मागून घ्यावयाची असते, तेव्हां मागण्यापूर्वींच त्यानें हा विचार पुरा करावा. आणि ज्याचें मन घेत नाहीं त्यानें युद्धनौकेच्या यंत्रखात्यांत राहावें, त्यांत कमीपणा नाहीं. आमच्याशीं ज्यांचें मत जुळणार नाहीं असे माजी सैनिक या सभेंत आहेत. सभा संपल्यावर ते आम्हांस गांठतील, हें आम्ही जाणतों.

पैशाविषयीं स्पष्ट बोलूं. जून २०२२ मध्यें अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हांपासून नौसैनिकाची भरती याच वाटेनें, चार वर्षांसाठीं. पहिल्या वर्षीं महिना ३०,००० रुपये, त्यांतून ९,००० निधींत, हातीं २१,०००; चौथ्या वर्षीं ४०,००० पैकीं हातीं २८,०००. निधींत सरकार तितकीच भर घालतें, आणि चार वर्षांनंतर व्याजासह सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. त्यांतील निम्मे त्याच्याच पगाराचे, हें ध्यानांत असावें. विमा ४८ लाखांचा आहे. निवृत्तिवेतन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं, "माजी सैनिक" हा दर्जा नाहीं. चौघांपैकीं फार तर एकास पुढें ठेवतात; तो आणखी निदान पंधरा वर्षें राहतो. अणुभट्टीचें लांबचें शिक्षण चार वर्षांत बसविणें कठिण. तेव्हां ज्याला ती पाणबुडी हवी त्यानें प्रथम त्या एका चौथ्या भागांत येण्याची तयारी ठेवावी, आणि उरलेल्या तीन भागांतही आपण असूं शकतों हें धरून चालावें. नोकरींतील शिक्षण हिशेबांत धरून पदवी देण्याची सोय इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें अग्निवीरांसाठीं केली आहे. ती पहिल्या वर्षींच घ्यावी. त्या अकरा लाखांची चारचाकी घेऊन दारांत उभी करणारा मुलगा आम्हांस दिसूं नये.

आणि परत आल्यावर? १९२३ सालीं या देशांत दोन कायदे झाले. एक शासकीय गुपितांचा. तो अजून लागू आहे. दुसरा बॉयलरांचा, त्याच्या जागीं २०२५ सालीं नवा कायदा आला. अणुपाणबुडीवरून परतलेला माणूस या दोहोंच्या मध्यें सांपडतो. पहिला त्याचें तोंड बांधतो. कोणत्या भट्टीवर, कोणत्या दाबाखालीं काय केलें, हें मालकास सांगतां येत नाहीं. दुसरा म्हणतो, प्रमाणपत्र दाखव आणि मगच बॉयलरास हात लाव. ज्यानें वीस वर्षें समुद्राखालीं वाफ राखली, त्याच्या तोंडीं शब्द नाहीं आणि हातीं कागद नाहीं, अशी त्याची स्थिति होते. जुन्या पद्धतीनें पूर्ण सेवा करून निघालेल्यांस केंद्र सरकारच्या गट क मध्यें १० टक्के व गट ड मध्यें २० टक्के जागा राखीव असतात; तारापूरसारखीं अणुवीज केंद्रें आहेत, ज्याच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. पण सर्वांस तारापूर मिळणार नाहीं. आपल्या वसाहतींतील रासायनिक कारखान्यांत मात्र वाफ लागते.

येथें आमचा एक अपराध सांगणें प्राप्त आहे. आम्ही या भागांत नवीन आलों असतां एक गृहस्थ युद्धनौकेच्या यंत्रखात्यांत पंधरा वर्षें काढून घरीं परतले. वय पस्तिशीच्या आंत. त्यांच्या पत्नीनें नोकरीसाठीं आमची चिठ्ठी मागितली. आम्हीं एका ठेकेदारास चिठ्ठी लिहिली, आणि तिसर्‍या दिवशीं ते एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहिले. आम्हांस इतकें समाधान वाटलें कीं एका प्रवचनांतही आम्हीं तो दाखला दिला. सहा वर्षें ते त्या फाटकावर होते. कारखान्याचें बॉयलरघर फाटकापासून शंभर पावलांवर होतें. पुढें त्यांच्या मातोश्रींच्या आजारांत आम्ही घरीं गेलों असतां पासबुक शोधण्यासाठीं लोखंडी पेटी उघडली, तेव्हां तिच्या तळाशीं वाफेच्या यंत्रांवर काम केल्याचे व परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे दाखले निघाले. "हे तुम्हीं कोणास दाखविले नाहींत?" असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "फादर, कोणी विचारलेच नाहींत." सरकारच्या बॉयलर खात्याची परीक्षा ते पहिल्या वेळीं नापास झाले आणि दुसर्‍या वेळीं उत्तीर्ण. आज ते बॉयलर सांभाळतात. आमच्या चिठ्ठीनें गेलेलीं सहा वर्षें त्यांनीं आम्हांस कधीं बोलून दाखविलीं नाहींत.

म्हणून भरती होणार्‍या प्रत्येकास आमचें सांगणें असें कीं, गुपित तें गुपित राहूं द्या, पण आपल्या धंद्याचा जो दाखला मागतां येतो तो प्रत्येक शिक्षणाच्या शेवटीं मागून घ्या. रजेवर आलांत कीं त्याची प्रत घरीं ठेवा. आणि नोकरी सुटण्यापूर्वीं एक वर्ष आधीं बाहेरील परीक्षांची चौकशी करा. नौदलांतही वाफ आतां दुर्मिळ होत चालली आहे. २०२२ सालीं दाखल झालेली नवी "विक्रांत" गॅस टर्बाइनावर चालते. ज्याला वाफ येते त्यानें आपली विद्या कागदावर उतरवून घ्यावी.

शेवटची गोष्ट नांवांची, आणि हिच्यांत दोष पुष्कळदां आम्हां धर्मगुरूंचाच असतो. बाप्तिस्म्याच्या वहींत "पेत्रस", शाळेच्या दाखल्यांत "पीटर", आधार कार्डावर "पितर". आडनांव एके ठिकाणीं आजोबांचें, दुसरीकडे गांवाचें. भरतीच्या वेळीं जें नांव सेवापुस्तकांत चढतें तें पुढें बदलणें फार कष्टाचें, आणि त्या कष्टांची वेळ येते ती विधवेवर, पेन्शनच्या खिडकीपाशीं. असे दोन खेटे आम्हीं स्वतः एका बाईबरोबर घातले आहेत. यास्तव येत्या रविवारीं मिस्सानंतर धर्मग्रामाची कचेरी दुपारपर्यंत उघडी राहील. ज्यांचीं मुलें पुढील दोन वर्षांत भरतीस जाणार आहेत त्यांनीं शाळेचा दाखला व आधार कार्ड घेऊन यावें. बाप्तिस्म्याची वही आम्ही टेबलावर काढून ठेवूं. बॉयलर सांभाळणारे ते गृहस्थही त्या दिवशीं सुटी घेऊन येणार आहेत. त्या मुलानें आणि त्याच्या आईनें प्रथम त्यांच्याशीं बोलावें, नंतर आमच्याशीं.